नोराच्या गोधडीचं सॉफ्टवेअर

२८ जानेवारी
मुलाचा, कर्टचा फोन. होणारं बाळ मुलगी आहे. जूनच्या मध्याला. नावही ठरलंय, नोरा. एन, ओ, आर, ए. छोटं नाव, गोधडीवर सहज बसेल.
आमच्या घराण्यात बाळ हॉस्पिटलातून घरी येतं ते आजीच्या गोधडीत. कर्ट माझ्या सासूबाईंच्या गोधडीत आला होता. आता माझी पाळी. अडचण एकच, नोराला आज्या दोन आहेत. दुसरी ग्लेनिस, सूनबाई टेसाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. ती अजून चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने डिझाइन काढते. बिचारी.
मी कॉम्प्युटरवर करणार. आधी योग्य सॉफ्टवेअर निवडायचं. मग गोधडी काय, होतेच.

१ फेब्रुवारी
लाइल म्हणाला, अगं, कापडाचं कपाट उतू चाललंय, त्यातलंच काही कापून शिवायला का घेत नाहीस? जन्मभर शेतीची यंत्रं विकलेल्या नवऱ्याला काय समजावणार. म्हटलं, तू ट्रॅक्टर नीट पारखल्याशिवाय घेतला असतास का? तर म्हणे, पेरणीच्या आधी घेतला असता.
बहुधा टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

१५ फेब्रुवारी
पहिलं सॉफ्टवेअर. फुकट वापरायची मुदत थोडी, आणि आत हजारो तयार नमुने. सगळे बघितल्याशिवाय निवडणं अन्यायाचं झालं असतं. इंग्रजी बी अक्षरापर्यंत पोचले आणि मुदत संपली.
निष्कर्ष: सॉफ्टवेअर मंद आहे.

९ मार्च
दुसरं सॉफ्टवेअर. त्याला आपला कॉम्प्युटर जुना वाटतो. नवा आणला. नव्यावर दुसरं चालतं पण आवडत नाही. लाइल म्हणाला, घरात कॉम्प्युटर दोन झाले आणि टाका एकही नाही. घाईने कामं बिघडतात हे त्याला सांगून उपयोग नाही.

१४ मार्च
चर्चच्या तळघरात गोधडी मंडळाची सभा. 'योग्य सॉफ्टवेअर कसं निवडावं' यावर मी बोलले. कोणी सांगितलं नव्हतं, पण गरज होती. ओपलबाईंनी विचारलं, यातलं कुठलं वापरून तू काय शिवलंस? (ओपलबाई आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांच्याकडे तीन थर एकत्र शिवायचं मोठं मशीन आहे, त्यामुळे त्या काहीही विचारू शकतात.) म्हटलं, तो मुद्दा वेगळा. मग सगळ्या जणी लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, घ्यायला उठल्या. विषय पटलेला दिसला.

५ एप्रिल
ईस्टरचं जेवण कर्टकडे. ग्लेनिसने गोधडी आणली. पूर्ण. हाताने शिवलेली. टाके इतके बारीक की बघून पोटात दुखलं. टेसाने ती गालाला लावली.
मी म्हटलं, छान आहे, नमुना जरा साधा आहे इतकंच. ग्लेनिस म्हणाली, अगं मार्लिस, बाळाला नमुना कुठे कळतोय, ऊब लागली की झालं. अशा विचारांच्या बायकांमुळेच कला मागे पडते.
माझ्या गोधडीवर बाळाचं नाव असेल. मोठ्या अक्षरांत. निर्णय पक्का.

२ मे
तिसरं सॉफ्टवेअर सापडलं!! यात नाव टाइप केलं की अक्षरांचे नमुने तयार होऊन छापून मिळतात. शोध संपला. आनंदाने लाइलला मिठी मारली. तो मका पेरणीच्या बातम्या ऐकत होता, दचकला.
आता फक्त रंग. हिरवट निळा की निळसर हिरवा? लाइलला दोन्ही दाखवले. म्हणाला, हा तोच आहे की. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

२४ मे
अक्षरं छापली. आणि काय! सगळी उलटी. आरशात दिसावीत तशी.
पद्धत अशी असते: अक्षर कागदावर छापायचं, कागदाच्या मागच्या बाजूला कापडाचे तुकडे लावायचे, पुढून छापील रेघांवर शिवायचं, शेवटी कागद फाडून टाकायचा. इतकी सोपी गोष्ट, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला अक्षर सुलटं छापता येऊ नये! नशीब मी आहे. 'उलटवा' असं एक बटण शोधून काढलं, सगळं सरळ केलं. कंपनीला कडक पत्र लिहिलं.

२७ मे
कंपनीचं उत्तर. लांबलचक. सुरुवातच अशी की अक्षरं मुद्दामच उलटी. मुद्दाम! पुढे वाचलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

६ जून
नोरा लवकर आली. दोघी सुखरूप.
घरी आली ती ग्लेनिसच्या गोधडीत. फोटो आला. माझी गोधडी कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती.
कोठीच्या खोलीत गेले आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांकडे तोंड करून रडले. खूप रडले. लाइल आला, कात्री माझ्या हातात दिली. मग म्हणाला, चल, कापायला घे, कागद मी धरतो.

१४ जून
नावाची चारही अक्षरं जोडली, भोवतीचे चौकोनही. कागदाच्या बाजूने 'नोरा' कसं स्वच्छ वाचता येतं! लाइलने आणि मी टीव्ही बघत मागचे कागद फाडले. आता वेळ घालवायचा नाही. तशीच गुंडाळून, अस्तराच्या कापडासकट, ओपलबाईंच्या मशीनवर पाठवली. कडपट्टीही त्याच लावणार आहेत.

२३ जून
ओपलबाई गोधडी घेऊन आल्या. वर छानसं रिबन बांधलेलं. विचारलं, एरॉन कसा आहे? म्हटलं, नोरा. मुलगी झालीय. त्यांनी गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, बरं बाई. वय झालं त्यांचं. ऐकू येत नाही.
रिबन सोडलं नाही. इतकं सुंदर परत बांधता आलं नसतं.

२९ जून
कर्टकडे सगळे जमले. रिबन सोडलं. सगळे पुढे वाकले.
ग्लेनिसने मोठ्याने वाचलं. ए, आर, ओ, एन. आर उलटा, एन उलटा.
कागदामागे शिवलेलं कापडाच्या बाजूने उलटं दिसतं, म्हणून छापताना आधीच उलटं छापतात. हे ग्लेनिसने मला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
टेसा लालबुंद. कर्ट खिडकीबाहेर बघत बसला. परत येताना लाइल म्हणाला, कर्टच्या आधी टेसाचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं ना, तो एरॉन. हे मला सॉफ्टवेअर निवडण्याआधी सांगायला नको?
कंपनीचं पत्र पुढे वाचलं. ग्लेनिस म्हणाली तेच, चित्रांसकट. भाषा मात्र उद्धट.

१३ जुलै
कर्टने फोटो पाठवला. नोरा माझ्या गोधडीवर गाढ झोपलीय! ग्लेनिसच्या नाही, माझ्या!
फोटो मोठा करून बघितला. गोधडी पालथी घातलीय. वर दिसतंय ते मागच्या अस्तराचं पिवळं फ्लॅनेल. टेसाने लिहिलंय, हिला दुसऱ्या कशावर झोपच लागत नाही. ग्लेनिसनेही विचारलंय, अगं, इतकं मऊ कापड, इतका गोड रंग, कसा निवडलास?
उत्तर पाठवलं की त्यावर बराच विचार केला होता.
दुकान बंद व्हायला आलं होतं आणि लाइल बाहेर हॉर्न वाजवत होता, म्हणून हाताला लागलं ते उचललं होतं.