मागच्या सीटचा गारवा

रविवार, २ मे २००४
गाडी घरात आली. सेकंडहँड, पण आठ सीटची, आणि मागच्यांसाठी छतात वेगळा एसी. अख्ख्या शिरूरमध्ये असा एसी कोणाकडे नसावा. चौकशी केलेली नाही.

आधी जेजुरी. आबांनी बॉनेटवर भंडारा उधळला. मी म्हटलं, बॉनेटवरच का? मागचा ब्लोअर चारवर टाकला आणि दोन पिशव्या आत उधळल्या, म्हणजे प्रत्येक सीटला प्रसाद. याला डोकं लागतं.

२३ तारखेला दौंडला मोनिकाचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, साखरपुडा. आबा भाड्याची जीप सांगणार होते. मी शब्द दिला की नवरी दौंडला उतरेल तेव्हा तिच्या कपाळावर घामाचा थेंब नसेल.

गुरुवार, ६ मे
कंपनीला सुट्टी. शिक्रापूरपर्यंत ट्रायल. पुढं इतकं गार की आबांनी कानाला उपरणं गुंडाळलं. मागं आई, बायको प्रतिभा आणि मोनिका पदरानं वारा घेत होत्या. आई म्हणाली, "पुढं हिवाळा आन् मागं उन्हाळा, ही कसली रं गाडी?" मी सांगितलं, दहा मिनिटांत सेट होईल.

झाली नाही. मोनिकानं घाम पुसून पुसून रुमाल ओला केला.

शुक्रवार, ७ मे, सकाळी ६
निदान झालं. गॅस संपलाय. मी फिटर आहे, आठ वर्षं मशिन्स उघडतोय. एसी म्हणजे तरी काय, मशीनच.

शनिवार, ८ मे
बायपासला अकबरभाईंच्या गॅरेजवर गेलो, गॅस भरा म्हटलं. त्यांनी पुढच्या जाळीला हात लावला. "पुढं गार हाय, म्हंजी गॅस हाय. मागं वाराच येत न्हाई हनुमंतराव. छताची जाळी काढून आतली कॉइल धुऊ. दुपारपतुर गाडी देतो."

धुऊ! एवढ्या मोठ्या गाडीला एवढा छोटा आजार नसतो. गाडी परत आणली.

रविवार, ९ मे
सगळे फ्यूज बदलले. मागच्या स्विचची वायरिंग सोडून परत जोडली. एसी तसाच. आतला दिवा मात्र आता दार लावल्यावर लागतो आणि उघडल्यावर विझतो. सवय होईल.

गुरुवार, १३ मे
नवी थिअरी. गारवा पुढंच खर्च होतो, मागं पोचायला उरतच नाही. पुढच्या जाळ्यांत माझे कंपनीचे मोजे कोंबले. मागं फरक नाही, पुढंही गरम. निदान सगळ्यांना समान वागणूक मिळाली. आबा मोज्यांच्या वासाबद्दल बरंच बोलले.

शुक्रवार, १४ मे
निश्चय. आठवडाभर एसीला हात लावायचा नाही. विश्रांती दिली की मशीन आपणहून सुधारतं.

गुरुवार, २० मे
प्रतिभा म्हणाली, "अहो, अकबरभाईंनी सांगितलंय की काय करायचं ते. द्या ना त्यांच्याकडं." फिटरच्या बायकोनं असं बोलावं, याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी मोनिका हळूच म्हणाली, "दादा, जीपच सांगू या का? मला तिथं पार गळाल्यावानी उतरायचं न्हाई." तिचंही खरं आहे. पोरीला सगळे पहिल्यांदा बघणार. फार लागलं मनाला. जीप सांगणार नाही.

शनिवार, २२ मे
टायरवाल्याकडे गेलो. त्याच्या हवेच्या पाइपानं छताच्या भोकांतून आत जोरात हवा मारली. जाळी काढायची गरजही पडली नाही. थोडं पिवळं काहीतरी उडालं. आतला गंज असावा. चालू करून बघितलं नाही, उगाच दृष्ट लागते.

रविवार, २३ मे, सकाळी ७
निघतोय. मोनिका आकाशी साडीत. छान दिसते. आजचा दिवस माझा आहे.

त्याच दिवशी, रात्री ८
न्हावऱ्याच्या पुढं मागून उकाड्याची तक्रार आली. मी ब्लोअर चारवर टाकला. तेवढ्यात स्पीडब्रेकर. छतातून भसकन भंडारा आला. तीन आठवड्यांपूर्वी मीच उधळलेला, त्या कॉइलनं पोटात जपून ठेवलेला. आणि पाठोपाठ बर्फासारखा वारा. मी ओरडलो, आलं बघा गार! मागून नुसत्या शिंका आल्या.

दौंडला तिघीही पिवळ्याजर्द उतरल्या. मोनिका रडायच्या बेतात होती. पण नवऱ्या मुलाची आजी अनसाबाई पुढं आली, तिचा चेहरा निरखला आणि म्हणाली, "देवाला जाऊन आली व्हय गं? लई गुणाची पोर." मोनिकानं माझ्याकडे बघितलं, खुदकन हसली आणि व्हय म्हणाली. साखरपुडा झोकात झाला. घामाचा थेंब कपाळावर नव्हता, हे मी सर्वांच्या नजरेस आणून दिलं.

परतताना सगळे व्याह्यांच्या जीपमध्ये बसले, काचा खाली करून. आबासुद्धा. मी मागून एकटा. मागचा एसी काय सुंदर चालला होता. मागच्या सीटवर फक्त व्याह्यांनी दिलेले पेढे होते. घरी आल्यावर आईनं एक चावून बघितला आणि विचारलं, हे एवढे कडक कशानं झाले.