दारापलीकडची मावशी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकशील. गेल्या अकरा महिन्यांत आपण एकमेकींना जे काही लिहिलं ते चार ओळींत मावेल. "पोचले." "कागद पाठवले." "मिळाले." आणि तुझ्या वाढदिवसाला मी फोनवर पाठवलेलं फूल, ज्यावर तू नुसता अंगठा पाठवलास. आजही फोन हातात घेतला असता तर तेवढंच लिहून ठेवून दिला असता. म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. मावशी माझ्याकडे आहे. आई गेल्यावर तिच्या मांजरीला खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी ठेवून घेतलं होतं, ते तुला ठाऊक आहे. काकू आता मुलाकडे राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांचा फोन आला, "तुझ्या ताईला मांजराच्या केसांनी दम लागतो, तिला विचारण्यात अर्थ नाही. तू नेतेस का? तिकडे सून म्हणते, एक म्हातारी येतेय तेवढी पुरे." मी म्हटलं, नेते. आई म्हणायची, मांजर वाघाची मावशी, मग आपलीही मावशीच. आणि मावशीला परक्याच्या घरी कसं पाठवायचं? एवढाच विचार केला. जास्त करायला हवा होता.

कारण माझ्याकडे आधीच एक बोका आहे. तुला सांगायचं राहिलं. आईचं सगळं आवरून तू परत गेल्यानंतर महिन्याभरानं सापडला. कामाच्या ठिकाणी जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून कुणीतरी खोका लावून ठेवला होता, त्या खोक्यात हा होता, म्हणून नाव टेकू. अजून वर्षाचाही नाही. दिवसभर घरात एकटा, त्यामुळे हे घर आपल्या बापाचं आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. मी मावशीची टोपली बैठकीच्या खोलीत ठेवली, झाकण उघडलं आणि बाजूला झाले. वाटलं, मांजरं आहेत, बघून घेतील आपलं आपण. सहा सेकंद काही झालं नाही. मग जे झालं त्यात मावशीचा डावा कान फाटला, टेकूच्या शेपटीचे केस पडद्याला चिकटले आणि माझ्या मनगटावर चार ओरखडे उठले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कान शिवला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघून विचारलं, "तुम्ही यांची ओळख करून दिलीत, की कुस्ती लावलीत?" मग म्हणाल्या की मावशी दहा वर्षांची आहे, हा असला ताण तिला फार दिवस झेपणार नाही. दोन महिने नेटानं करून बघा. नाही जमलं तर तिच्यासाठी दुसरं घर शोधा, त्यात तिचंच भलं आहे. दुसरं घर म्हणजे तुझंच, आणि तिथं तुला दम लागणार.

मला काम दिलं की मी ते करते, तू ओळखतेस मला. मावशीला झोपायच्या खोलीत ठेवलं, टेकूला बाहेर, मधलं दार बंद. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाच्या वाट्या, पहिल्या दिवशी दारापासून आठ फुटांवर, मग रोज एक वीत जवळ. कुणी गुरगुरलं की परत एक वीत मागे. याच्या अंगावरून पुसलेला पंचा तिच्या खोलीत, तिचा याच्याकडे, म्हणजे तोंड दिसण्याआधी वास ओळखीचा होतो. पुढे दार उघडायला लागल्यावर बरोबर मापाची फट राहावी म्हणून मी लाकडाच्या पाचरी कापून घेतल्या. दोन, चार, सहा सेंटीमीटर. वहीत रकाने आखले. तारीख, अंतर, फिस्कारणं, पंजा. आमच्या साहेबांनी मनगट पाहून विचारलं, "घरी सासू आली की काय?" मी म्हटलं, मावशी आली. ते हसले. त्या आठवड्यात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं तेवढंच एक वाक्य, म्हणून लक्षात राहिलं. संध्याकाळी घरी आले की दार तेवढ्यापुरतं उघडून मी उंबऱ्यावर वाट अडवून बसायची, एक पाय इकडे, एक तिकडे, दोघांच्या मधे. खरं सांगायचं तर दिवसाचा तेवढाच भाग मला आवडायचा.

पाच आठवडे असे गेले आणि आकडे काही हलेनात. उलट मावशी जेवेना. पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायची. वजन दोनशे ग्रॅमनी उतरलं. डॉक्टरीणबाईंकडे वही घेऊन गेले. त्यांनी एकेक पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय, पंचे धुतले?" मी म्हटलं, हो, रोज. गरम पाण्यात, साबण घालून, मग अदलाबदल. स्वच्छ नको का? त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही रोज त्यांची ओळख करून देताय आणि रोज पुसताय."

तुला माझं काम कंटाळवाणं वाटतं, पण एक गोष्ट ऐक. आम्ही दवाखान्यांचे वजनकाटे तपासतो, आणि ज्या वजनांनी तपासतो त्यांना उघडा हात लावत नाही. बोटाचा ठसा उठला तरी वजन वाढतं. म्हणून हातमोजे घालायचे, चिमट्यानं उचलायचं, आधी पुसायचं, मगच मोजायचं. नऊ वर्षं हेच करतेय. हात आपोआप तसे चालतात.

निघताना त्या म्हणाल्या, मावशीजवळ जुन्या मालकिणीचं एखादं कापड ठेवा, न धुतलेलं. तिला आधी स्वतःचा ठाव लागू दे, मग ती दुसऱ्याकडे बघेल. मी म्हटलं, बघते. रस्ताभर टोपली मांडीवर घेऊन मी विचार करत होते की घरात आईचं असं काय आहे. चष्म्याचं घर आहे, ते मी स्पिरिटनं पुसलं. पांघरूण आहे, ते धुतलं. साड्या, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळं धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून वाटून टाकलेलं.

आई गेल्यावर ते सगळं धुतलं तो दिवस तुला आठवतो तसाच मलाही आठवतो. तू आतल्या खोलीत रडत होतीस आणि मी मशीन लावत होते. दोन खेपा झाल्या होत्या. तू बाहेर आलीस, गॅलरीत आईचे सगळे कपडे वाळत घातलेले पाहिलेस आणि तिथंच थांबलीस. "अगं, तिचा वास होता त्याला. कुणी विचारलं होतं तुला?" मी म्हटलं, तसेच ठेवले असते तर कुबट झाले असते. ते खरंच होतं, आणि त्या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता. मग तू दारामागच्या खुंटीवरचा तिचा राखाडी स्वेटर ओढून घेतलास, कोपराला रफू केलेला, मावशीच्या केसांनी भरलेला. तुला दम लागत होता तरी छातीशी धरून उभी राहिलीस. आणि मी हात पुढे करून म्हटलं, "तोही दे, अर्ध्या तासात होईल." यावर तू काय म्हणालीस ते मी लिहीत नाही. तू बरोबर होतीस. मशीनचा आवाज चालू असला की मला रडू येत नाही, हे तेव्हा मला सांगता आलं नाही.

तर पुढचं. पंचे धुणं बंद केलं. नवव्या आठवड्यात मला ताप आला, चांगला तीन दिवस. ना वही, ना पाचरी, ना वाट्यांचं अंतर. पाण्याला म्हणून उठले आणि मधलं दार लावायचं विसरले. चादर तीच, अंगातला सदरा तोच, केसांना फणी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले तर मावशी पायाशी, टेकू तिच्यापासून वीतभर अंतरावर, दोघं माझ्या घामट चादरीवर. मी हलले नाही. पाय बधिर झाले तरी हलले नाही. बऱ्याच वेळानं टेकू उठला, अंग ताणलं आणि तिचा तो फाटका कान चाटायला लागला. मावशीनं एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "झालं! तिघांचा एकच वास झाला. आता दोन दिवस आंघोळ नाही केलीत तरी चालेल." आता अकरावा आठवडा संपतोय. दोघं एका खुर्चीत झोपतात. मावशीचं वजन भरून आलंय. दुसरं घर शोधावं लागणार नाही. उंबऱ्यावर आता मला बसावं लागत नाही, त्यामुळे संध्याकाळी कुठं बसावं ते सुचत नाही.

पत्र लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की मावशीसाठी म्हणून तुझ्याकडे तो स्वेटर मागायचा. डॉक्टरांचं नाव सांगितलं असतं आणि तू पाठवलाही असतास. पण वर लिहिलंय ते खरं आहे, मावशीला आता त्याची गरज नाही. मला आहे. आईचा आवाज माझ्याकडे आहे, फोटो आहेत, अक्षर आहे. वास नाही, तो मी माझ्या हातांनी घालवला. मला स्वेटर पोस्टानं नको. तू स्वतः घेऊन ये. दोन्ही मांजरांना मी आतल्या खोलीत ठेवीन, खिडक्या सकाळपासून उघड्या ठेवीन. मधलं दार नीट कसं लावायचं ते मला आता येतं. चहा पिऊन झाल्यावर पाच मिनिटं माझ्या हातात दे. हातमोजे घालणार नाही. आणि ताई, इतक्या दिवसांत वास उडून गेला असेल, तर मला आधी कळवू नकोस. तसाच घेऊन ये.

तुझीच,
आई जिला मोजपट्टी म्हणायची ती