लंबूचा वेगळा कप

४ मार्च

लंबूला हेपटायटिस बी निघालाय. शिवणखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते तीच, माझी लंबू. डोळे पिवळे दिसायला लागले म्हणून मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं होतं. रिपोर्ट बघून म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं." मी म्हटलं, चोरी केलीस का? उजळ माथ्याने सांगून टाक. सल्ला द्यायला माझं काय जातंय!

५ मार्च

सांगितलं तिने. मालकीणबाई तोंडभरून म्हणाल्या, "अगं, आम्ही आहोत ना." आणि दुपारच्या चहाला लंबूचा कप वेगळा! कानाला लाल दोरा बांधलेला, चुकून कुणी उचलू नये म्हणून. दोरा मात्र हिशेबात धरणार, बाईंना ओळखते मी.

काजं-बटणं करणाऱ्या काकू तर लंबूशी बोलताना श्वास रोखून धरतात. आज शाळेच्या गणवेशाच्या मापाबद्दल मोठं वाक्य बोलायला गेल्या, मध्येच चेहरा जांभळा. शेवटी खिडकीपाशी जाऊन वाक्य पुरं करून आल्या.

घरी सासूबाई : "त्या मुलीला इथे आणायचं नाही." मी म्हटलं, आणणार. नवरा पेपरात डोकं घालून बसला. नेहमीसारखाच.

९ मार्च

लंबूबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. शेजारी बसल्याने, कपाने, ताटाने काही होत नाही म्हणाल्या. हा रक्तातून जातो. लंबूचा आजार नवा आहे, गेल्या काही महिन्यांतला. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेकदा स्वतःच त्याला हुसकून लावतं, पण लक्ष ठेवायला हवं.

मग चौकशी. कधी रक्त चढवलं होतं? नाही. गोंदवून घेतलं? नाही. नवरा, मित्र? लंबू लाजून म्हणाली, "तेवढा वेळ कुठाय?" शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. बोटांवर चिराच चिरा.

"या कशाने?"

"टाके उसवायच्या ब्लेडने."

"तुमचं एकटीचं असतं ते?"

"नाही, सगळ्यांचं," लंबू म्हणाली. शिवणखान्यात कैच्या जिच्या तिच्या, ब्लेड मात्र सगळ्यांत एक. पार बोथट होईपर्यंत टेबलावरून टेबलावर फिरतं.

१० मार्च

आज भडकले. मालकीणबाई लंबूला सांगत होत्या, "तू आता घरीच आराम कर. मी दुसरी मुलगी बघितलीय." आराम म्हणे! तिच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, कमावणारी ही एकटी.

मी म्हटलं, "बाई, कपाला दोरा बांधलात, आणि ब्लेडचं काय? नवीन मागितलं की तुमचा जीव जातो. सगळ्यांची बोटं त्यावर कापलीत. लंबूपासून आम्हाला धोका म्हणता, तिला हा आजार आपल्यातल्याच कुणी दिला नसेल कशावरून?"

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. गिळल्या नाहीत एवढंच. काकूंनी तर रोखलेला श्वास सोडलाच नाही, पाठीवर थोपटावं लागलं.

शेवटी ठरलं. सगळ्यांनी रक्त तपासायचं, लस घ्यायची. रिपोर्ट येईपर्यंत लंबूची मशीन तिचीच, पुढचं मग बघू. पहिली मी जाणार, असं छाती काढून सांगितलं.

१२ मार्च

रक्त दिलं. जन्म शिवणकामात गेलेल्या काकूंना सुईची भीती वाटते. भोवळ आली!

१४ मार्च

शिवणखान्यात एकच विषय, कुणाचं निघणार. मी पैज लावली मालकीणबाईंवर. एवढी कडू बाई, यकृत धड कसं असेल? सगळ्याजणी हसल्या. लंबू नाही हसली. म्हणाली, "जिचं असेल तिला कसं वाटेल गं?"

फार साधी आहे. अशानेच लोक डोक्यावर बसतात तिच्या.

१६ मार्च

माझं रक्त पुन्हा घेतलं. आधीचं नीट आलं नसेल. या लोकांना एक काम धड करता येत नाही.

१९ मार्च

मला आहे. बाकी सगळ्याजणी ठीक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा जुना आहे, बहुधा लहानपणापासूनचा. त्रास नाही झाला, म्हणून कळलं नाही. मी विचारलं, लंबूला माझ्याकडूनच? त्या म्हणाल्या, खात्रीने नाही सांगता येणार. पण ब्लेड माझ्याकडून तिच्याकडेच जायचं.

सासूबाईंना सांगितलं, सगळं चांगलं आलं. मालकीणबाईंना सांगितलं, रिपोर्ट अजून आलाच नाही.

लंबूचा फोन वाजतोय. मघापासून वाजतोय.