नुसतं पित्त

४ नोव्हेंबर
आज घशातून दुर्बीण घातली. आधी कडू फवारा, मग दातांत प्लास्टिकची कडी, आणि ‘गिळा ताई, गिळा!’ गिळली. पडद्यावर आतलं सगळं दिसतं म्हणे. मी डोळे मिटून घेतले — रोज कंपनीत दुसऱ्यांचा माल तपासते, स्वतःचा बघवेना!

डॉक्टर म्हणाले, नुसतं अ‍ॅसिड नाही, पित्तही वर येतंय. अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललंय. तुकडा तपासायला पाठवलाय. मग विचारलं, ‘घरात कुणाला अन्ननलिकेचा कॅन्सर?’

‘नाही.’

५ नोव्हेंबर
राजकुमारदादाला सांगितलं. पोट धरून हसला. ‘एवढी नळी घालून पित्तच निघालं व्हय? हे तर आई फुकटात सांगायची!’

खरंय. आमच्या घरात डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, राग आला तरी पित्तच खवळायचं. आई तर शेवटपर्यंत तेच म्हणत होती. आमसुलाचं पाणी प्यायची आणि कामाला लागायची.

१२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! पेशी मात्र बदलायला लागल्यात. पुढं कॅन्सर होऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं, सहा महिन्यांनी परत दुर्बीण. चिकलठाण्याला आमच्या कंपनीत अशा मालाला पिवळा टॅग लावतात. पास नाही, रिजेक्टही नाही — होल्ड. तर मी होल्डवर.

गोळी उपाशीपोटी. जेवण सातच्या आत. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. आणि घास अडकायला लागला तर एक दिवसही थांबायचं नाही.

भीती वाटली. लिहून टाकलं, बास.

२ डिसेंबर
विटांमुळं झोपेत पायथ्याकडं घसरते. बाकी ठीक.

९ फेब्रुवारी
शहागंजात तिखट, तर्रीदार मटणाचा नान-खलिया खाल्ला. डॉक्टरांना सांगायचं काही कारण नाही.

५ मे
आईचा स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली, जेवायला बसलो. दादानं भाकरी वरणात कुस्करली आणि तशीच भिजत ठेवली. बराच वेळ. ह्याला कडक पापुद्रा लागतो, लहानपणी त्यावरून आमची मारामारी व्हायची.

‘असं काय खातोस?’

‘कोरडी उतरत नाय अलीकडं. पित्त हाय, दुसरं काय!’

बोलणंसुद्धा आईचंच. तीही आधी भिजवून खायची. मग नुसती पेज. मग पेजही उतरेना. आम्ही म्हणालो, वय झालं. साठीचीही नव्हती ती.

माझं ताट तसंच राहिलं.

६ मे
उद्याचा माझा दुर्बिणीचा नंबर दादाला दिला. दवाखान्यानं ऐकलं, दादा ऐकेना. ‘मला काय झालंय? तुझी तू जा की!’ मी त्याच्या दारात बसून रडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर. मग म्हणाला, ‘बरं बाई, येतो.’

७ मे
डॉक्टरांनी दादालाही विचारलं, ‘घरात कुणाला अन्ननलिकेचा कॅन्सर?’

दादा ‘नाय’ म्हणायच्या आत मी बोलले, ‘हो. आईला.’