अख्ख्या वर्गाची कट्टी

२४ नोव्हें., सोमवार
बीपी पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. घरी आल्या आल्या बायकोने, सायलीने, कपाटातली कोरी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. वाटच बघत होती जशी काही. ठीक आहे, लिहितो.

आजचा राग: तन्वी. दुसऱ्या मजल्यावरची, आमच्या जुईची बालवाडीपासूनची मैत्रीण, आता चौथीतही एकाच वर्गात. संध्याकाळी बिल्डिंगखाली जुई तिला हाका मारतेय आणि ही पाठ फिरवून उभी. मी गमतीत विचारलं, "काय गं, कट्टी का?" तर म्हणते, "हो काका. बाईंनी सांगितलंय. अख्ख्या वर्गाने घ्यायची."

मला वाटलं, पोरीचं काहीतरी खूळ. वर येऊन जुईला विचारलं. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली.

२५ नोव्हें., मंगळ
सा.ने गोड बोलून सगळं काढून घेतलं. प्रकार असा. जुई मागे घरी म्हणाली होती की गणिताच्या तासाला बाई मोबाईल बघत बसतात. सा.ने गेटवर बाईंना हसत हसत विचारलं, "मुलं म्हणतात तुम्ही फार बिझी असता!" झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी जुईला उभं केलं. "ही वर्गातलं घरी सांगते. हिच्याशी कोण बोलणार?" सगळी पोरं ओरडली, नाऽही!

तेव्हापासून कोणी बोलत नाही. डबा एकटीने खायचा. हात वर केला तर बाईंना दिसत नाही. खोडरबर मागितला तर शेजारची पोरगी खिडकीबाहेर बघते.

मी सा.ला म्हटलं, तुझ्या हसत हसतने वाट लावली. ती रडली. मग मला वाईट वाटलं. पण बोललो ते बोललो.

मारलं असतं तर बरं झालं असतं. वळ दाखवता आला असता. हे दाखवायचं कसं?

आणि खरी गोची ही की जुई म्हणते, "बाबा, तू शाळेत येऊ नको. आलास तर मी परत घरी सांगितलं असं होईल ना."

२७ नोव्हें., गुरु
स्वयंपाकघरात भांडण, दबक्या आवाजात. सा. म्हणते, सातवीपर्यंत याच शाळेत काढायचंय, जपून. मी म्हटलं, जपून जपून पोरगी मुकी होईल. "आणि तू जाऊन टेबल आपटलंस तर? बाई वर्षभर कोणावर काढणार?" मी आणखी चिडलो.

ऑफिसातून येताना नाक्यावर बाळा भेटला. पक्षाच्या शाखेत बसतो, शाळेपासूनचा दोस्त. ऐकून पेटलाच. "तू फक्त टायम सांग. चार पोरां घेवन येतंय, धा मिनटात बाई सरळ." खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं ऐकून. उद्या सांगतो म्हटलं.

२८ नोव्हें., शुक्र
तन्वीच्या घरी गेलो. तिचे वडील टीव्हीतून मान काढेनात. स्मिता वहिनी चहा टाकत म्हणाल्या, "आम्हाला कळतं हो भाऊजी. पण आमचीवर उगाच येईल. तुम्हीच जरा सांभाळून घ्या. मुलं काय, विसरून जातात."

काय सांभाळून घेऊ? रोज शेजारी बसणारी पोरगी जुईकडे भूत असल्यासारखं बघते, ते? खाली खेळताना तरी बोलू दे, तिथे कुठे बाई आहेत, म्हटलं. तर म्हणतात, "तन्वी खोटं बोलू शकत नाही ना. बाई विचारतात, कोण बोललं म्हणून."

म्हणजे हजेरी घेतात याचीसुद्धा! चहा तसाच ठेवून उठलो. दारामागे तन्वी उभी होती, तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिच्यावर कसला राग काढणार.

३० नोव्हें., रवि
मनोरीला ताईकडे. मार्व्याच्या फेरीबोटीत पाय ठेवल्यापासून जुईची टकळी सुरू. आत्याशी, आत्याच्या कुत्र्यांशी, मासे साफ करणाऱ्या मावशींशी, जो दिसेल त्याच्याशी. संध्याकाळपर्यंत घसा बसला. ताई हसली, "काय रे, आठवड्याचं साठवून आणलं काय?" सा. उठून मागच्या दारी गेली.

परत येताना रिक्षा आमच्या गल्लीत वळली आणि जुई गप्प झाली. बोरिवली येईपर्यंत छान बडबडत होती.

१ डिसें., सोम
जुईच्या पोटात दुखतंय. शाळेत गेली नाही. ताप नाही, काही नाही.

बाळाला नको म्हटलं. चार पोरं आणली असती तर जुई कायमची 'गुंड आणणाऱ्याची पोरगी' झाली असती. तो नाराज. "मगे काय हात जोडतलंस?" माहीत नाही रे बाबा. उद्या आम्ही दोघंच जातोय. जुईला सांगितलेलं नाही.

२ डिसें., मंगळ
मोठ्या बाईंचं केबिन. वर्गबाई आधीच येऊन बसलेल्या. आवाज इतका मऊ की आपणच दोषी वाटावं. "मी तिला बोटसुद्धा लावलं नाही. ही मुलांची आपसातली कट्टी." मोठ्या बाई, "कट्टी-बट्टीत आपण मोठ्यांनी पडू नये."

माझा हात टेबलाकडे निघालाच होता. सा.ने गुडघा दाबला. आणि मग सा. बोलली. शांतपणे. "बरं. मग आत्ताच वर्गात जाऊ या. तुमच्यासमोर मुलांना विचारू, कोणी सांगितलं."

वर्गबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मोठ्या बाई घाईघाईने, त्याची काही गरज नाही, मी बघते, उद्यापासून तक्रार येणार नाही.

खाली उतरताना सा. पुढे, मी मागे. चौदा वर्षं संसार केला या बाईशी, आणि मी हिला भित्री समजत होतो.

३ डिसें., बुध
सुटली! बाईंनी वर्गात जाहीर केलं, बट्टी. तन्वी शाळेतून थेट आमच्याकडे. दोघी गॅलरीत नुसत्या खिदळतायत. जुईने जेवताना तीन वेळा भात घेतला. मी जिलबी आणली. बाळाला फोन करून ऐकवलं, हात न जोडता झालं बघ. बीपी मोजायचीसुद्धा गरज नाही आज.

९ डिसें., मंगळ
जेवताना जुईची बडबड. नाच, गॅदरिंग, कोणाला कुठला ड्रेस. मग सहज, "आता सोहमशी कट्टी आहे."

का? "बाईंना उलट बोलला." कोणी घ्यायला सांगितली? "बाईंनी."

सा.ने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "तू बोलतेस ना त्याच्याशी?"

"वेडा आहेस का बाबा?"

म्हटलं, अगं, तुला माहितीये ना कसं वाटतं ते.

"हो, म्हणून तर नाही बोलत." आणि आमटी वाढ म्हणाली.

मला तिला रागावता आलं नाही. आमटी वाढली.

१० डिसें., बुध
सोहमच्या आईचा फोन. नंबर वर्गाच्या ग्रुपवरून मिळाला म्हणे. मी ओळखत नाही त्यांना. आधी माफी मागितली, मग विचारलं, "तुमच्या जुईचं कसं सुटलं?" शाळेत दोनदा जाऊन आल्यात. मोठ्या बाई म्हणतात, मुलांचं आपसातलं आहे. "दादा, शुक्रवारी अकराला बोलावलंय. तुम्ही दोघं याल? तुमच्याही मुलीला झालं म्हणून सांगाल? मी एकटी बोलले तर खोटी पडते."

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. मी! टेबल आपटणारा!

सा. म्हणाली, "आत्ता कुठे पोरगी जेवायला लागलीये." एवढंच. मी भांडलो नाही, कारण फोनवर माझ्याही मनात नेमकं हेच आलं होतं. स्मिता वहिनींना काय काय बोललो होतो मनातल्या मनात. शरम वाटते.

११ डिसें., गुरु
सोहमच्या आईला कळवलं, येतो. सा. म्हणाली, "मीही येते. मी नसले तर तू आपटशील."

जुईने ऐकलं. आधी रडली. "प्रॉमिस कर, जाणार नाहीस." तिला जवळ घेतलं, सांगितलं, कोणीतरी गेल्याशिवाय हे थांबणार नाही. तिने मला ढकललं. "तुला काय, शाळेत मला जायचंय." बरोबरच आहे तिचं. तरी प्रॉमिस केलं नाही.

"गेलास तर मी तुझ्याशी कट्टी. कधीच बोलणार नाही."

१२ डिसें., शुक्र, सकाळ
हाफ डे टाकलाय. सा. तयार होतेय.

जुई दूध न पिता उतरली. मी गॅलरीतून हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा मोठ्याने. तन्वीने वर बघून हात हलवला. जुई शाळेच्या रिक्षात जाऊन बसली.