भाचा की पुतण्या

१९ नोव्हेंबर
वरचा फ्लॅट भाड्याने गेला एकदाचा. जगताप म्हणून कुटुंब आहे. सुनीता दवाखान्यात नर्स, नवरा अजित एमआयडीसीत, मुलगी मिनू दहावीला, आणि सासूबाई. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, वर पोचल्यावर म्हणाल्या, "आता खाली न्हाई उतरत मी, मेल्यावरच न्या." सगळे हसले.
फ्लॅट दिलूचा, माझ्या धाकट्या भावाचा, पण तो कॅनडात आणि मुखत्यारपत्र माझ्या नावावर, म्हणून करारावर सही मी केली. संध्याकाळी त्याला फोन. पहिला प्रश्न, "आडनाव काय गं ताई?" जगताप म्हटल्यावर म्हणाला, "मग ठीक. आपल्यातलेच."
मीही एजंटला आधी आडनावच विचारलं होतं. माणसं किती, ते नंतर. लिहून ठेवते, उगाच मागाहून साळसूदपणा नको.

२३ नोव्हेंबर, रवि.
सकाळी वरून गाणं. पेटीबिटी नाही, नुसते आवाज. एक सासूबाईंचा घोगरा, एक मिनूचा बारीक. चहा कपात तसाच राहिला. कॉन्व्हेंटमध्ये साळवे टीचर म्हणवून घ्यायच्या तेच येशूचं गीत. सगळी कडवी आली मला. पन्नासहून जास्त वर्षं झाली. कालची भाजी कुठली ते आठवत नाही, आणि हे.
तर जगताप ख्रिस्ती आहेत. नगरमध्ये यात नवल काही नाही. एकच आडनाव देवळातही सापडतं आणि चर्चमध्येही. सावेडीत वाढलेल्या दिलूला हे कळायला हवं होतं. कॅनडात राहून विसरला असेल.
त्याला कळवलं नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर
दिलूचं भाषण आलं मेलवर. सात पानं, इंग्रजीत. विषय, परक्या देशात समान वागणूक. तिकडच्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेत मराठीतून छापायचंय, फेब्रुवारीत समारंभात वाचायचंही आहे. "ताई, भाषांतर तूच कर. तुझं इंग्रजी सिस्टर लोकांचं आणि मराठी आईचं." लाडीगोडी जन्मजात.
पहिलं पान वाचून डोळे भरून आले, खरं सांगायचं तर. साळवे टीचरवर लिहिलंय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीपर्यंत मुलगे घ्यायचे. दिलू अडखळायचा, वाचायला उभं केलं की मान खाली. शाळा सुटल्यावर टीचर त्याला थांबवून घ्यायच्या. बोलताना अडखळणारा गाताना अडखळत नाही, हे त्यांनी ओळखलं. गाता गाता बोलायला लावलं. मी बाहेर बाकावर दोन दप्तरं घेऊन बसलेली. चिंचा खात.
"माझी जीभ त्यांनी सोडवली," असं त्याने लिहिलंय. चांगलं लिहिलंय.

१ डिसेंबर
सासूबाई आल्या होत्या, वाटीत शेंगोळे घेऊन. हुलग्याचे, लसणाचा ठसका. आई गेल्यापासून असे खाल्ले नव्हते. बसल्या तासभर. या घराआधी सहा घरं बघितली म्हणे.
"समदे एकच इचारत्यात. मूळचे कुठले? मी म्हनते, तिसगावचे. तर म्हनत्यात, तसं न्हाई हो आजी. मी म्हनते, मग कसं? तर गप बसत्यात."
"तुम्हाला कळतं ना ते काय विचारतात?"
"कळतंय की. न कळायला काय झालं. पन मी तिसगावच सांगते. त्यांनी नीट इचारावं, मी नीट सांगंन."
मिनूच्या परीक्षेपर्यंत आता हलायचं नाही म्हणाल्या. आठवीत एक घर सोडलं, नववीत एक. "लेकराची पुस्तकं खोक्यातनं निघंनात."

४ डिसेंबर
भाषांतर पान ४. अडले.
तिकडे गेल्यावर दिलूने जागेसाठी फोन केला. घरमालकीण गोड बोलली, या म्हणाली. तिने दिलीपचं फिलिप ऐकलं होतं. तो आणि त्याची बायको दारात उभे राहिले तेव्हा तोंड उतरलं तिचं. "तुम्ही मूळचे कुठले?" मग दोन दिवसांनी निरोप, जागा देता येत नाही, nephew येणार आहे राहायला. तो कधी आला नाही. दिलूने दाद मागितली, वर्षभर खेटे घातले, बाईला लेखी माफी मागावी लागली. ते पत्र त्याने काचेत घालून हॉलमध्ये लावलंय, मी पाहिलंय व्हिडिओवर.
आता nephew चं काय करायचं? भाचा की पुतण्या? मराठीत ठरवावंच लागतं. फोन केला. हसला. "काही लिही गं. तो मुळात नव्हताच."
जागा मोकळी सोडली आहे.

१४ डिसेंबर
व्हिडिओ कॉल. दिलू म्हणाला, गच्चीवर जा, टाकी दाखव, गळतेय का बघू. जाताना वरच्यांची बाल्कनी दिसली त्याला.
"अगं, दिवाळी होऊन दोन महिने होत आले. कंदील काढला नाही त्यांनी?"
मी म्हणाले, "कंदील नाही, तारा आहे. नाताळचा."
फोनमध्ये त्याचा चेहरा बराच वेळ तसाच. मला वाटलं नेट गेलं.
"जगताप ना?"
"जगतापच."
"तुला माहीत होतं?"
"हो."
टाकीचं विचारायचं राहिलं.

१६ डिसेंबर
सकाळी त्याचा आवाजी निरोप. तीनदा ऐकला. उतरवून ठेवते, माझा माझ्यावर विश्वास बसेना.
"ताई, वाईटपणा नको. माझं नाव नको घालू मध्ये. गोड बोलून सांग, जागा रिकामी करून द्या, माझा भाचा यायचाय राहायला. करारात महिन्याची नोटीस आहेच. मी जानेवारीत येतोय, तेव्हा मोकळं होऊ दे."
भाचा. त्याचा भाचा म्हणजे माझा निखिल. पुण्यात स्वतःच्या घरात सुखाने राहतोय. नगरला दोन दिवस आला तर तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं त्याचं.
शिसारी आली. माणसाची नव्हे, तो माझा दिलूच आहे. त्या "गोड बोलून"ची.

१७ डिसेंबर
निखिलला फोन केला. म्हणाला, "मामाला सांग, मला विचारल्याशिवाय मला कुठे राहायला पाठवू नको." मग म्हणाला, "आई, तू काय करणारेस?"
माहीत नाही म्हणाले.

२१ डिसेंबर
वर गेले होते. सांगायला नाही, आणि न सांगायलाही नाही. नुसती गेले. मिनू गॅलरीत भूमितीचं प्रमेय पाठ करत येरझाऱ्या घालत होती. पुस्तकं खोक्यातून बाहेर, भिंतीशी रांगेत, वर्तमानपत्राची कव्हरं. टेबल नाही. निखिलचं जुनं टेबल खाली पडून आहे, ते अजितने येऊन उचलून नेलं.
खाली आल्यावर हसू आलं. निखिल नाही तर निखिलचं टेबल गेलं वर राहायला.

२५ डिसेंबर
ताट आलं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीचाच फराळ, वर केकचे दोन तुकडे. साळवे टीचरकडे असंच असायचं. दिलू तिथे केक नाही, करंज्याच मोजून खायचा. सुनीता म्हणाली, "काकू, भाऊ येणारेत ना तुमचे? एक दिवस आमच्याकडे जेवायला आणा त्यांना."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

२ जानेवारी
भांडण. पाऊण तास. आठवतंय तेवढं.
मी: तू सातही पानं स्वतः लिहिलीस ना रे?
तो: ताई, ते वेगळं. तो रेसिझम होता.
मी: आणि हे?
तो: हे आपलं घरगुती आहे. मला स्वतःला काही नाही गं. माझे तिकडचे निम्मे मित्र ख्रिश्चन आहेत. पण बिल्डिंगमधले बोलतील. उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक बिचकेल.
मी: त्या बाईलाही शेजारचेच बोलत असतील.
तो: तू तिची बाजू घेतेस?
मी: साळवे टीचरला दिला असतास फ्लॅट?
आधी म्हणाला, "टीचर वेगळ्या." मग, "त्या काय भाड्याने राहणार होत्या आपल्याकडे?"
सगळेच वेगळे. तिकडे स्वतः वेगळा नाही म्हणून वर्षभर खेटे घातले, इकडे ज्याला त्याला वेगळा काढायला पाच मिनिटं लागत नाहीत. वर्षानुवर्षं त्याचं ते काचेतलं पत्र मी लोकांना अभिमानाने सांगत आले. कोपऱ्यावरच्या दुकानदारालासुद्धा.
शेवटी म्हणाला, "तुला जमत नसेल तर मी येऊन सांगतो. फ्लॅट माझा आहे." बरोबर आहे. फ्लॅट त्याचा, सही माझी.

३ जानेवारी
सही माझी म्हणजे नोटीसही मीच द्यायची. देणार नाही. त्याला एका ओळीत कळवलं. त्याचं उत्तर, अंगठा. होकाराचा की रागाचा, ठाऊक नाही. हल्ली माणसं अंगठ्याने बोलतात.

८ जानेवारी
भाषांतर पुरं केलं. मोकळी जागा भरली. हाताने स्वच्छ लिहून काढलं, त्याला छापील अक्षरापेक्षा माझं अक्षर लवकर वाचता येतं. लहानपणी त्याच्या निबंधाच्या वह्या मीच लिहायचे.

११ जानेवारी, रवि.
दिलू आला. पहाटे मुंबईला उतरला, अकराला दारात. केस पार पांढरे. मिठी मारली तेव्हा लहानपणचाच वास आला, डोक्याच्या तेलाचा. आता तेल लावत नसेल, मला आला. वाटलं, जाऊ दे सगळं.
पिठलं-भाकरी केली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बेसिनवर हात धुता धुता म्हणाला, "रविवार आहे, घरी असतील सगळे. वर जाऊन येतो." सहज. पेपर आणतो म्हणावं तसं.
मी म्हणाले, "जा. आधी हे वाच. स्मरणिकेवाल्यांना आज पाठवायचंय म्हणाला होतास."
"आल्यावर वाचतो."
"आत्ता वाच. मोठ्याने वाच, भाषण आहे ते. मला ऐकू दे कुठे अडखळतोस."
बसला. ताईचं अजून ऐकतो, एवढं आहे.
मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहिते आहे. बाहेर त्याचा आवाज. साळवे टीचरच्या पानावर थांबून पाणी प्यायला, पुढे गेला. बोट ओळीखाली धरून वाचत असणार, अजून. वर मिनूची प्रमेयं चालू आहेत, खुर्ची सरकवल्याचा आवाज. निखिलची खुर्चीही दिली मी परवा.
पान ३. विमानतळ, बर्फ, पहिली नोकरी.
पान ४. फोन, फिलिप. दारातलं तिचं उतरलेलं तोंड. मूळचे कुठले. छान वाचतोय, समारंभात वाचेल तसं, बाईचा आवाज काढून.
तिच्या निरोपाला मी वेगळी भाषा शोधत बसले नाही. त्याच्याच आवाजातली होती, तयार. तिथे नीट बसत नसली तरी जशीच्या तशी घातली.
"गोड बोलून म्हणाली, जागा रिकामी करून द्या, माझा भाचा यायचाय राहायला."
थांबला.
मी मान वर केली नाही.
तेच वाक्य पुन्हा वाचलं त्याने. बाईचा आवाज नाही काढला. "माझा भा" वर अडकला, चौथीत अडकायचा तसा, मग सुटला.
खुर्ची मागे सरली. चपला. दाराची कडी.
जिन्यात पावलं वाजताहेत. वर चालली आहेत की खाली, इथून कळत नाही.