जेद्दा ते चिकलठाणा

मंगळवार, मगरिबची नमाज झाली. पिशोर.

मूठ सुजलीय, पेन धरवत नाय.

अब्बा काल संध्याकाळी गेले. भाई जेद्द्याहून रात्रीच्या विमानात बसला. मी मोबाईलवर जेद्दा ते आपलं चिकलठाणा विमानतळ टाकलं, तर पाच-सहा तास दाखवले. नकाशावर सरळ रेघ आणि तिच्यावर छोटंसं विमान. तेवढ्यावर मी मशिदीतून पुकारायला लावलं, अब्बांची मिट्टी दुपारच्या जोहरनंतर. सरळ विमान नसतंच, हे मला कुठं माहीत? भाई मुंबईत अडकला, पुढचं विमान दुपारी.

जोहर झाली. मी म्हटलं, पुढच्या नमाजेपर्यंत, असरपर्यंत थांबा. चाचा माझ्या मोबाईलकडं बोट करून म्हणाले, "ठेव ते खेळणं. मय्यतीला ताटकळत ठेवायचं नसतं."

मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. रक्त आलं. बरं वाटलं, लई बरं वाटलं. दुसरा मारला. मग चौघांनी मला धान्याच्या खोलीत कोंडलं. बाहेर जनाज्याबरोबर कलमा दूर जात होता आणि मी दाराला लाथा घालत होतो. मोबाईल भिंतीवर आपटला. काच फुटली, आतलं विमान तसंच रेघेवर.

दिवस मावळता भाई आला. चाचांचा फाटका ओठ बघून विचारलं, काय झालं? चाचा म्हणाले, "जनाजा उचलताना डोल्याचा दांडा लागला."

मग भाईनं माझी सुजलेली मूठ दोन्ही हातांत घेतली, चुंबली आणि रडत म्हणाला, "माझ्या वाटची माती तूच दिलीस ना रे?"

मी हो म्हणून मान हलवली.